सासवांच्या गटातलं कारलं

“तिला यातलं काही म्हणजे काही कळता कामा नये हं! गुरुवारी अकराला. ती तिच्या खोलीत असते तेव्हा. मी माझं दार लावून घेईन.”

हे बोलत होत्या माझ्या सासूबाई, फोनवर. आणि ‘ती’, म्हणजे अस्मादिक, पाण्याची बाटली भरायला म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी होती. बाटली तशीच रिकामी घेऊन मी उलट्या पावली परतले. तेसुद्धा स्लीपर हातात घेऊन, चोरासारखी. स्वतःच्या घरात! म्हणजे, स्वतःचं म्हणायचं की नाही हेच अजून माझं ठरत नव्हतं म्हणा. लग्नाला चार महिने झाले होते.

त्या एका वाक्यापायी मी पुढे जो घोळ घातला, तो आता तुम्हाला सांगते. चहा मात्र घेत राहा, कारण माझी अब्रू जाताना बघायची तर हातात काहीतरी गरम हवं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? सरळ विचारायचं, “आई, कोणाशी बोलत होतात?” अहो, मी विचारणाऱ्यांतली असते तर हा किस्सा घडलाच नसता. माझं माहेर नांदगाव. सासर नाशिकचं, इंदिरानगरातलं. सासूबाई शाळेत शिकवायच्या, निवृत्त झाल्या. बोलणं कसं, इस्त्री केल्यासारखं. लग्नानंतर पहिल्याच पंगतीत कोणीतरी मला आग्रहाने जिलेबी वाढली आणि मी म्हणाले, “बास, आता लय झालं.” झालं! चुलत नणंदा ओठ दाबून हसल्या. फार वाईट नव्हत्या हसल्या, पण मला ते लागलं ते लागलंच. तेव्हापासून मी या घरात ‘हो’, ‘नको’ आणि ‘चालेल’ एवढ्यावर संसार रेटत होते. कमी बोललं की चुका कमी होतात, असा माझा हिशेब.

गंमत बघा, माझी नोकरी मात्र बोलायची आहे! एका संस्थेसाठी मी आरोग्याच्या अभ्यासाच्या ऑनलाइन गटचर्चा घेते. जिल्हाभरच्या बायका आपापल्या मोबाईलवरून येतात, मी त्यांना प्रश्न विचारायचे आणि त्यांना बोलतं करायचं. खेड्यातल्या बायकांसमोर पुस्तकी बोललं की त्या मिटून जातात. म्हणून तिथे मी अगदी नांदगावची होते. “काय वो मावशी, जेवण झालं का?” असं सुरू केलं की मग थांबवावं लागतं.

आमचे नियम कडक. कॅमेरे सगळ्यांचे बंद, माझासुद्धा. खरी नावं घ्यायची नाहीत. गट जमवणाऱ्या ताया वेगळ्या, त्यांच्याकडून मला फक्त तालुका कळतो, नाव-पत्ता काही नाही. आधी आम्ही बायकांना फुलांची नावं घ्यायला सांगायचो, पण जिला विचारावं ती मोगरा! एका गटात तीन मोगरे झाले आणि कोण कोणाच्या सासूबद्दल बोलतंय तेच कळेना. मग भाज्या आणल्या. भाजीचं नाव घेऊन बाई जरा मोकळी होते, हा माझा अनुभव.

आणि चौथा नियम म्हणजे, या कामातलं घरी बोलायचं नाही. मी तर घरी कुठलंच बोलत नव्हते. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, “गौरीचं कंप्युटरवर काहीतरी असतं, बँकेसारखं.”

असो. तर ते वाक्य ऐकलं आणि मी विचार करत बसले. गुरुवारी अकराला काय? माझी तर त्याच वेळी गटचर्चा होती. म्हणजे मी खोलीत अडकलेली असताना बाहेर काहीतरी उरकायचं होतं!

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी प्रसादला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, माळ्यावरून बॅग काढायला सांगितली. कुठली बॅग? माझी! लग्नात माहेरहून आलेली लाल बॅग. त्यांनी ती ओल्या फडक्याने पुसली, पंख्याखाली वाळवली आणि हॉलमध्ये सोफ्याच्या बाजूला नीट उभी करून ठेवली. मी ते सगळं पोळ्या लाटता लाटता बघत होते. त्या दिवशी एकही पोळी गोल झाली नाही.

प्रसादला विचारलं, “घरात काही चाललंय का?”

“कुठे काय?” म्हणाला आणि अंघोळीला गेला. आता तुम्हीच सांगा, कामावरून आलेला माणूस, ज्याला एरवी दहा वेळा सांगावं लागतं, तो न सांगता अंघोळीला का जाईल?

रात्री जेवताना सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “गौरी, तुला आईची आठवण येते का गं?”

‘येते’ म्हटलं तर ‘मग जा’ म्हणायला मोकळ्या. ‘नाही येत’ म्हटलं तर काय दगडाची मुलगी केली, असं वाटणार. मी घाबरून म्हणाले,

“चालेल.”

प्रसादने वरणाकडे बघितलं. मी एकाच पोळीवर उठले आणि खोलीत जाऊन कपाटातला बिस्किटाचा पुडा काढला. हे माझं रोजचंच झालं होतं. चारचौघांत दुसरी पोळी मागायची लाज वाटायची, आणि भूक काही लाजेला विचारून लागत नाही.

बुधवारी मात्र धीर सुटला. गच्चीत कपडे वाळत घालता घालता आईला फोन लावला. तोंड ओल्या चादरीत खुपसलेलं.

“आई, हे लोक उद्या अकरा वाजता माझं काहीतरी करणार हायेत.”

“काय करणार हायेत?”

“माहीत नाय. बॅग काढली हाय माझी. मला कळू द्यायचं नाय म्हणत्यात.”

“अगं पण झालं काय? मारलं-बिरलं का? गौरे, बोल की!”

तेवढ्यात जिन्यात सासूबाईंची चाहूल लागली. मी फोन कट केला आणि घाबरून बंदच करून टाकला. नंतर चालू केला तर आईचे इतके मिस्ड कॉल की मोजायची हिंमत झाली नाही. मी मेसेज टाकला, ‘सगळं छान आहे.’

आता मला सांगा, अशा फोननंतर असा मेसेज आला तर कुठली आई ‘बरं झालं बाई’ म्हणून झोपेल? पण तेव्हा माझ्या डोक्यात तो उजेड पडला नाही. मी स्वतःच्या भीतीत इतकी गर्क होते की आईच्या पोटात मी काय टाकलं याचा पत्ताच नव्हता.

गुरुवार उजाडला. सासूबाईंनी सकाळपासून तीन वेळा घड्याळ बघितलं. मी चार वेळा. अकराला पाच कमी असताना त्या म्हणाल्या, “तुझं काम असेल ना गं आता?” मी “हो” म्हणाले. त्या आपल्या खोलीत, मी माझ्या. दोन्ही दारं लागली.

कड्या लागल्याचे आवाज एकामागोमाग एक आले. कान बाहेर लावून बसावं तर कानांत हेडफोन घालणं भाग. शिवाय आमच्या मोठ्या मॅडम आज पुण्याहून चर्चा ऐकायला येणार होत्या. मी एक बिस्किट तोंडात टाकलं आणि मीटिंग सुरू केली.

विषय होता, घरात आलेल्या नव्या सुनेचं खाणंपिणं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पोरी नीट जेवत नाहीत, अंगात रक्त कमी होतं, तर घरचे काय करतात? आणि गट होता सासवांचा!

“रामराम मावश्यांनो,” मी नांदगावी आवाजात म्हणाले. “आपापली भाजी निवडा बरं.”

देवळ्याच्या मावशी मेथी झाल्या. पेठच्या एक आजी म्हणाल्या, “मी दोडका. कोणालाच आवडत नाय, पर पचायला बरा.” मग नाशिकहून एक आवाज आला, फार दबका, गोधडीतून आल्यासारखा.

“मी कारलं घेते. सासूला तेच शोभतं.”

“कारलेताई, आवाज नीट येत नाय वो.”

“तोंडावर पदर धरलाय. आवाज ओळखला जाऊ नये म्हणून.”

“इथं कोण ओळखणार तुमाला? बोला बिनधास्त.”

बोला बिनधास्त! हे मी म्हणाले. माझ्याच तोंडाने.

मेथीताई आणि दोडकाआजींनी पहिल्या दहा मिनिटांत नाचणी, खजूर, पालेभाजी सगळं उरकलं. मग कारलेताई बोलायला लागल्या.

“आमची सून जेवतच नाही हो. एक पोळी खाते आणि उठते. बोलतही नाही. काही विचारलं तर ‘हो’ नाहीतर ‘चालेल’. परवा विचारलं, आईची आठवण येते का, तर म्हणाली, ‘चालेल’.”

मला त्या बाईची इतकी कणव आली म्हणून सांगू! मनात म्हटलं, काय एकेक सुना असतात. अशी कशी ही मुलगी?

हो, हसा. मला खरोखर तेव्हा काही कळलं नाही. भीतीने माणसाचं डोकं किती बंद पडतं याचा हा पुरावा समजा. त्या ‘चालेल’पाशी काहीतरी टोचलं, पण मी म्हटलं, असेल दुसरीही कोणी माझ्यासारखी. नाशिक काय लहान आहे?

“मग तुमाला काय वाटतं, का जेवत नसंल ती?” मी बिस्किट चावत विचारलं.

“तेच तर कळत नाही. तिच्या खोलीत केर काढताना बिस्किटांचे रिकामे पुडे सापडतात. गादीखाली.”

माझ्या तोंडातलं बिस्किट तोंडातच राहिलं.

आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात आमच्या कुकरची शिट्टी झाली. दाराच्या फटीतून, लांबलचक, फुस्स करून. एक श्वास घेण्याइतका वेळ गेला आणि हेडफोनमध्ये, कारलेताईंच्या पाठीमागे, तीच शिट्टी झाली. लांबलचक. फुस्स करून.

अहो, माऊस हातातून खाली पडला! गुरुवारी अकरा. दार लावून. ‘तिला कळता कामा नये.’ एका भिंतीपलीकडे, तोंडावर पदर घेऊन, माझ्या सासूबाई माझ्याच गटात येऊन बसल्या होत्या. आणि विषय मी!

नियम असा की ओळखीचं माणूस निघालं तर सांगायचं आणि चर्चा दुसऱ्याकडे सोपवायची. मी मॅडमना मेसेज लिहायला घेतला, ‘मॅडम, एक अडचण’. तोवर त्यांचाच आला. ‘गौरी, सुंदर चाललंय! कारलं फार मोलाचं बोलतायत. त्यांना अजून खोलात ने.’

खोलात! मीच बुडत होते, आणि म्हणे खोलात ने.

मी काही बोलायच्या आत मेथीताईंनीच तोंड घातलं. “तिले भूक लागस, पन ती लाजस व माय!”

“का मनात दुसरं काय हाय?” दोडकाआजी म्हणाल्या. “डागदराला दावा. नायतर धाडा चार रोज माहेरी.”

माझी पाठवणी ठरवायला जिल्ह्यातल्या सासवांचं पंचमंडळ बसलं होतं, आणि त्याची सूत्रसंचालक मी! नियमाप्रमाणे मला मधे पडता येत नाही, बाजू घेता येत नाही. मी एवढंच म्हणाले, “कारलेताई, यावर तुमाला काय वाटतं?”

माझ्या आयुष्यात एखाद्या उत्तराची मी इतकी वाट पाहिली नव्हती. दहावीच्या निकालाचीसुद्धा.

“बॅग काढून ठेवलीय मी तिची,” सासूबाई म्हणाल्या. पदर बाजूला झाला असावा, कारण आवाज आता अगदी स्वच्छ आला. “म्हटलं, माहेरी जायची इच्छा असेल तर जाऊ दे बिचारीला. पण ‘जा’ म्हणायला तोंडच उघडत नाही माझं. मी मास्तरीण होते हो. पोरं घाबरायची मला. ही पण घाबरते बहुतेक. मला भीती वाटते, गेली आणि परत आलीच नाही तर? फार गोड मुलगी आहे. मला हवीय ती घरात.”

मी माईक बंद केला आणि ओढणीत तोंड खुपसून रडले. चार महिने जिची भीती बाळगली ती बाई माझीच भीती बाळगून बसली होती. पलीकडे मेथीताईंचंही नाक ओढल्याचा आवाज आला. मॅडमनी मेसेजमध्ये नुसते हात जोडले.

इथे हा किस्सा संपला असता तर किती बरं झालं असतं, नाही?

तेवढ्यात आमच्या दाराची बेल वाजली. चिमण्यांची बेल आहे आमची, चिवचिव चिवचिव. ती आधी घरात वाजली, मग हेडफोनमध्ये वाजली.

“एक मिनिट हं,” कारलेताई म्हणाल्या. “दारात कोणीतरी आलंय.” आणि फोन तसाच हातात घेऊन गेल्या. माईक चालू!

दार उघडल्याचा आवाज. आणि मग हेडफोनमध्ये, जिल्हाभरच्या सासवांच्या आणि पुण्याच्या मॅडमच्या साक्षीने, माझ्या आईचा आवाज आला.

“कुठं हाय माझी पोर?”

कालचा फोन! ओल्या चादरीतला!

“अगंबाई, विहीणबाई! तुम्ही? अशा अचानक? या ना, बसा.”

“बसायला नाय आलो आमी!” हा माझा मामा. “अकरा वाजता काय करणार व्हते ते सांगा आधी. पिकअपनं आलो म्हणून उशीर झाला, नायतर अकराच्या आतच असतो इथं! आक्का, ही बघ, ही बघ बॅग! भरून तयार हाय!”

“अहो, ती रिकामी आहे.”

“मंजे कपडेबी ठेवून घेतले का पोरीचे?”

“मला वाटलंच होतं,” सासूबाईंचा आवाज फुटला. “वाटलंच होतं, एक दिवस तुम्ही तिला न्यायला येणार. काय चुकलं हो माझं?”

“अन् तुमी रडता कशापायी? रडायचं तर आमी!” असं म्हणून आईनेही सूर लावला.

तेवढ्यात सासूबाईंच्या हातातला फोन कडाडला. “व माय, भांडू नका! ती पोरले तरी विचारा!”

“हे कोण बोललं?” मामा ओरडला.

“मेथी,” सासूबाई हुंदका देत म्हणाल्या.

“कोण मेथी? आक्का, ही बाई भाजीसंगं बोलती! पोरीला घे अन् चल!”

“मेथी बरोबर सांगती हाय,” फोनमधून दोडकाआजी शांतपणे म्हणाल्या. “बोलवा सुनेला.”

मॅडमचा मेसेज आला, ‘गौरी, हे काय चाललंय? तू ऐकते आहेस ना?’

ऐकत तर मी होतेच, दोन दोनदा. एकदा दारातून आणि एकदा हेडफोनमधून. पळून जायला खिडकी होती, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी उठले. हेडफोन काढायचंही सुचलं नाही, वायर उपसून तशीच गळ्यात लोंबत राहिली. कडी काढली आणि हॉलमध्ये येऊन उभी राहिले.

आईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मामाने बॅगेचं हँडल धरलेलं. सासूबाईंचा पदर भिजलेला, हातात फोन, आणि फोनमध्ये सगळी भाजी मंडई कान देऊन गप्प.

“बोल गौरे,” आई म्हणाली. “काय तरास हाय तुला इथं?”

“सांग बाळा,” सासूबाई म्हणाल्या. “आज मोकळेपणाने सांग. काय हवंय तुला?”

खरं सांगते, दारापर्यंत येताना मी मनातल्या मनात एक फार सुंदर वाक्य जुळवलं होतं. की आई, मला इथेच राहायचंय, तुम्ही मला फार आवडता, चूक माझीच झाली. शुद्ध, इस्त्री केलेलं वाक्य. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, फोनमधून पेठ आणि देवळा ऐकत होतं, गळ्यात वायर लोंबत होती आणि पोटात सकाळपासून अडीच बिस्किटं होती. मी तोंड उघडलं, आणि सासरच्या घरातलं माझं पहिलं खणखणीत वाक्य बाहेर पडलं:

“कारलेताई, आधी तुमचा माईक बंद करा बरं! अन् मग वाढा, मला लय भूक लागली हाय!”